वाट पाहण्याची तालीम



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘विजेत्याची दृष्टी : खेळ, शरीर आणि जगणं’ असा. ऐकून मी जरा धास्तावलोच. जिंकलेल्या माणसापुढे माइक धरला की तो काय बोलतो, हे आता आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मेहनत, आईवडिलांचे आशीर्वाद, प्रशिक्षकांचं मार्गदर्शन, देशासाठी खेळल्याचा अभिमान. यातलं काही खोटं नसतं. पण घामाने निथळत, धापा टाकत उभ्या असलेल्या पोराकडे तत्त्वज्ञान मागणं हा आपलाच आगाऊपणा आहे. त्याला त्या वेळी पाणी हवं असतं.

म्हणून विजेते काय बोलले ते मी आज सांगणार नाही. जिंकण्याआधीची वर्षं त्यांनी कशी काढली, तेवढं पाहू. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना निघता येईल. खेळाडूचं निम्म्याहून जास्त आयुष्य वाट पाहण्यात जातं. निवडीची वाट, पैशाची वाट, दुखापत भरून येण्याची वाट. आणि मैदानात उतरल्यावरही आपल्या चेंडूची, आपल्या बाणाची वाट. कोणी विचारत नसताना अंग आणि मन तयार ठेवणं ज्याला जमलं, तो माझ्या लेखी विजेता. पदक त्याच्या नंतर येतं. कधीकधी येतही नाही.

आधी आपल्या गावचं उदाहरण घेऊ. जितेश शर्मा, १९९३ साली अमरावतीत जन्मलेला. २७ मे २०२५ची रात्र इथल्या बऱ्याच घरांनी जागवली असेल. आयपीएलच्या सामन्यात लखनौच्या मैदानावर ऋषभ पंतने शतक ठोकलं आणि यजमानांनी बंगळुरूपुढे २२८ धावांचं आव्हान ठेवलं. विराट कोहली बाद झाला तेव्हा ४ बाद १२३, षटक बारावं. त्या दिवशी बंगळुरूचं नेतृत्व जितेशकडे होतं. त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. मधेच एक रिव्हर्स स्वीप हवेत गेला, झेलही घेतला गेला, पण तो नो-बॉल निघाला. मिळालेल्या फ्री हिटवर त्याने षटकार मारला. आठ चेंडू राखून सामना खिशात. पुढच्या आठवड्यात, ३ जूनला, अहमदाबादेत बंगळुरूने पंजाबला सहा धावांनी हरवलं आणि अठराव्या हंगामात पहिल्यांदा चषक उचलला. त्या अंतिम सामन्यात जितेशच्या १० चेंडूंत २४ धावा होत्या. सामना सहा धावांचा होता, हे लक्षात घ्या.

असं काही झालं की आपल्याकडे चौकात बॅनर लागतात. बॅनरवर खेळाडू बोटाएवढा आणि शुभेच्छुक हातभर. ते असो. मला त्या बॅनरवर न मावणारी वर्षं सांगायची आहेत. जितेश विदर्भाकडून एकदिवसीय सामना पहिल्यांदा खेळला २०१४ मध्ये. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला घेतलं, पण एकाही सामन्यात खेळवलं नाही. आयपीएलमध्ये प्रत्यक्ष पाऊल पडलं ते ३ एप्रिल २०२२ला, पंजाबकडून. मधली सहा वर्षं काय केलं असेल या पोराने? नेटमध्ये घाम गाळला, स्थानिक स्पर्धा खेळल्या, टीव्हीवर इतरांना खेळताना पाहिलं. तोपर्यंत वय अठ्ठावीस झालेलं. आपल्या मोहल्ल्यात अठ्ठाविसाव्या वर्षी पोरगा ‘अजून क्रिकेटच खेळते’ म्हटलं, तर लोक बापाकडे दयेने पाहतात. भारताची टोपी मिळाली ती ३ ऑक्टोबर २०२३ला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध. त्याच्या पुढच्याच वर्षी टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या संघात नाव आलं नाही. म्हणजे वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्यात एक बारकावा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. जितेश आधी सलामीला खेळायचा. पुढे तो खालच्या क्रमांकावर आला, शेवटची षटकं मारायला. सलामीवीराला निदान खेळायला नक्की मिळतं. खालच्या क्रमांकावरचा माणूस पॅड बांधून बसतो, दोन-दोन तास बसतो, आणि कित्येकदा पॅड तसेच सोडून हॉटेलवर जातो. ज्या दिवशी मिळतात त्या दिवशी आठ-दहा चेंडू मिळतात. त्यात पहिला चेंडू ‘नजर बसवायला’ घालवायची चैन नाही. थंड अंगाने आत जायचं आणि गरम अंगाने खेळायचं. हे ज्याला करायचं आहे त्याला बसून असतानाही आतून खेळत राहावं लागतं. बाकावर बसणं हाही खेळाचा भाग आहे, हे पचायला वेळ लागतो. बरेच जण तिथेच मोडतात. चेंडूवर नाही, बाकावर.

जितेशने मुलाखतींत सांगितलेली एक गोष्ट ऐकून मला हसू आलं होतं. त्याला जायचं होतं सैन्यदलात. शाळेत असताना क्रिकेटकडे वळला तो राज्य पातळीवर खेळलं की वाढीव गुण मिळतात म्हणून. म्हणजे आपला हा वीर मुळात चार टक्के गुणांसाठी बॅट घेऊन निघाला होता! इथे बसलेल्या पालकांनी हे मनावर घ्यावं. पोरगं कुठल्या कारणाने मैदानावर जातं याला फार महत्त्व देऊ नका. चुकीच्या कारणाने गेलं तरी चालेल. जाऊ द्या.

आता तुमच्यातला एखादा मनात म्हणत असेल, ‘सर, त्याला आयपीएलच्या लिलावात अकरा कोटी मिळाले, म्हणून त्याची वाट पाहणं शहाणपणाचं ठरलं. ज्याला काहीच मिळालं नाही त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. या प्रश्नाला बगल देऊन खेळावर बोलणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मी त्याकडे येणार आहे, पण थोडं फिरून.

खाशाबा जाधवांचं नाव आपण घेतो, पण हेलसिंकीचं नाव घेऊन थांबतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ला लंडन ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. मातीत वाढलेला गडी तिथे मॅटवर उतरला होता. पाय रुतवायला माती नाही, नियम वेगळे, पकडी वेगळ्या. सहावा येऊन तो परत आला आणि पुढची चार वर्षं त्याने त्या सहाव्या क्रमांकाचा हिशेब मांडला. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीला जपानच्या इशीशी झालेली दीर्घ कुस्ती खाशाबा हरले आणि दमही न घेता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाने विश्रांती मिळायला हवी होती, पण तिथे भांडायला आपला एकही पदाधिकारी हजर नव्हता. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मराठी वैयक्तिक पदक यायला २०२४ उजाडलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, नेमबाजीत तिसरा. मधे बहात्तर वर्षं. वाट फक्त खेळाडूच पाहतात असं नाही, राज्यंही पाहतात. पण राज्यं निजून पाहतात.

खाशाबांच्या गोष्टीत मला मोठा वाटतो तो प्राचार्य. कुस्तीतलं त्यांना किती कळत होतं, कोणास ठाऊक. पण आपला विद्यार्थी तयार आहे आणि निघायची वेळ झाली आहे, एवढं त्यांना कळलं. आज आपण ज्यांच्या स्मरणार्थ जमलो आहोत ते गुरुजी याच जातकुळीतले. गहाण टाकण्याइतकं मोठं घर त्यांच्याकडे नव्हतं. पण पी.टी.चा तास गणिताच्या शिक्षकाने मागितला तर ते देत नसत. ‘तुमचा सिलॅबस राह्यला त तुम्ही पहाटे बोलवा, माया तास मी देनार नाही,’ असं स्टाफरूममध्ये ऐकवायचे. आणि त्यांच्या हजेरीच्या वहीत कोण पहिलं आलं याची नोंद नसे. कोण आलं, एवढीच असे. शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्या पोराचं नाव त्या वहीत वर्षभर रोज लागलेलं असलं, की २६ जानेवारीला त्याला बोलावून सगळ्यांसमोर लेझीमचा पुढारी करायचे.

ही रीत अमरावतीला नवी नाही, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याला आपण एचव्हीपीएम म्हणतो, १९१४ साली सुरू झालं. अंबादासपंत आणि अनंत हे वैद्य बंधू त्याचे संस्थापक. ‘प्रसारक’ हा त्या नावातला शब्द नीट ऐका. चार मल्ल घडवावेत आणि त्यांची छायाचित्रं भिंतीवर टांगावीत, असा बेत नव्हता. व्यायाम पसरवायचा, असा होता. म्हणून मंडळाने शिक्षक घडवायला घेतले. उन्हाळी वर्ग भरवले, आणि देशातल्या दूरदूरच्या प्रांतांतून माणसं आपल्या या भट्टीसारख्या उन्हात शिकायला आली. मल्लखांब, लाठी, लेझीम, दांडपट्टा, फरीगदका, कुस्ती, जंबिया. शिकायचं आणि परत जाऊन आपल्या गावात शिकवायचं.

१९३६ साली या मंडळाचा चमू बोटीने युरोपला गेला. निमित्त बर्लिन ऑलिंपिक. नेते सिद्धनाथ काणे. तिथे या मंडळींनी आपले देशी खेळ दाखवले, त्यात हुतुतू होता, खो-खो होता. स्पर्धा नव्हती, प्रात्यक्षिक होतं. पदकतालिकेत त्याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता. १९४९ला स्वीडनमध्ये स्टॉकहोमला लिंगियाड हा व्यायाममहोत्सव झाला, तिथेही मंडळ गेलं. परत आल्यावर काय मिळालं, असा हिशेब कोणी मांडला असता तर उत्तर ‘टाळ्या’ असंच आलं असतं.

आता पुढचं कॅलेंडर. हुतुतूची कबड्डी झाली आणि ती १९९०ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून आली. बर्लिननंतर चोपन्न वर्षांनी. खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला, १९ जानेवारी २०२५ला त्याचे अंतिम सामने खेळले गेले. पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारताकडे. दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. बर्लिननंतर एकोणनव्वद वर्षांनी. १९३६च्या त्या पोरांपैकी कोणाला याची कल्पना असणार? त्यांनी परक्या देशात, परक्या मैदानावर पाटी आखली, बसले, उठले, ‘खो’ दिला आणि बोटीत बसून परत आले. जे त्यांच्या हयातीत मिळणारच नव्हतं त्यासाठी त्यांनी अंग तयार ठेवलं होतं. ज्याला काहीच मिळालं नाही त्याचं काय, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. उरलेलं निम्मं अवघड आहे. ते शेवटी.

मल्लखांबाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण इथल्या नव्या पोरांपैकी कित्येकांनी तो फक्त मोबाइलवर पाहिला आहे. लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला. पहिली गोष्ट शिकायची ती अढी, म्हणजे डोकं खाली करून पायांनी खांबाला विळखा घालायचा. नवशिक्या घाबरून हातांनी खांब कवटाळतो, आणि जितकं कवटाळतो तितका घसरतो. मांडीची आतली कातडी पोळते. मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं की धरायचं ते पायांनी, आणि हात सोडायचे. हात सोडले की श्वास मोकळा होतो, श्वास मोकळा झाला की पाय बसतात. आमचे गुरुजी खाली उभे राहून एवढंच म्हणायचे, ‘थांब. अजून थांब. हां.’ शेजारचा पोरगा फिरकी घेत असायचा, दसरंग मारत असायचा, आणि आपण उलटे लटकून थांबायचं. पुढे सुईदोरा, वेल, फरारे, ताजवे सगळं आलं, पण ज्याची अढी कच्ची राहिली त्याचं पुढचं सगळं कच्चं राहिलं.

हे थांबणं किती लहान आकारात बसू शकतं, ते पाहायचं असेल तर पुन्हा बर्लिनलाच जाऊ. ५ ऑगस्ट २०२३. जागतिक तिरंदाजी स्पर्धा. कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत आपल्या विदर्भाचा, नागपूरचा ओजस देवतळे उभा आहे. पन्नास मीटरवर लक्ष्य. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीहून लहान. पंधरा बाण. प्रत्येक बाणाला वीस सेकंद. समोर पोलंडचा लुकाश प्रिझिबिल्स्की. त्या माणसाने १५० पैकी १४९ मारले. तुम्ही-आम्ही १४९ मारले असते तर गल्लीतून मिरवणूक काढली असती. तो हरला. कारण ओजसने १५० मारले, पंधराच्या पंधरा दहा. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांमध्ये जगज्जेती झाली.

वीस सेकंदांत तिरंदाज काय करतो? बराच वेळ तो काहीच करत नाही. धनुष्य ओढून धरलेलं, श्वास अर्धा सोडलेला, आणि तो थांबतो. वारा पडायची वाट, हात स्थिर व्हायची वाट. घाई केली तर नऊ, उशीर केला तर खांदा थरथरून पुन्हा नऊ. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओजसचं कंपाउंड धनुष्य ऑलिंपिकमध्ये नव्हतंच. २०२८ला लॉस एंजेलिसला पहिल्यांदा येणार आहे, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणजे जगज्जेता होऊनही ऑलिंपिकचं दार बंद, हे माहीत असताना त्याने ते धनुष्य हातात धरलं. याला काय म्हणाल? मी तरी याला खेळावरचं प्रेम म्हणतो. बाकी कशाने हे समजत नाही.

आता शरीर. फिटनेस. हा शब्द हल्ली दुकानांच्या पाट्यांवर इतका दिसतो की त्याची शिसारी यायला लागली आहे. डबे विकले जातात, पावडरी विकल्या जातात. अठरा वर्षांची पोरं दंड किती फुगले ते आरशात बघतात आणि दोन जिने चढली की धापा टाकतात. विजेत्या खेळाडूचं आपल्या शरीराशी नातं वेगळं असतं. तो शरीराला धाक दाखवत नाही, शरीराचं ऐकतो. झोप हा त्याच्या सरावाचा भाग असतो, विश्रांतीचा दिवस हा कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलेला असतो.

अविनाश साबळे घ्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, सैन्यातला जवान, सियाचीनला राहून आलेला. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूपेक्षा पाच शतांश सेकंद मागे राहिला आणि रौप्यपदक घेऊन आला. केनियाची पोरं त्या शर्यतीतली तिन्ही पदकं आपापसांत वाटून घेत होती, तिथे हा घुसला. पुढच्या वर्षी आशियाई सुवर्ण. पॅरिसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत अकरावा. आणि २०२५च्या जुलैत मोनॅकोला धावताना पडला, गुडघ्याचा अस्थिबंध गेला, शस्त्रक्रिया करावी लागली. आता सांगा, जगातल्या मोजक्या धावपटूंत ज्याची गणना, त्या माणसाला एके दिवशी पाय उचलून पलंगावर ठेवणं हाच व्यायाम होऊन बसतो. त्याची खरी परीक्षा बर्मिंगहॅमला झाली की त्या पलंगावर, हे मला ठरवता येत नाही.

मुरलीकांत पेटकरांना तर दुसरं आयुष्यच सुरू करावं लागलं. सैन्यातले मुष्टियोद्धे, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले, बॉक्सिंग संपलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले. भारताचं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ला. शेहेचाळीस वर्षं! त्यांच्यावर सिनेमा निघाला तेव्हा कुठे बऱ्याच जणांना नाव कळलं.

तुमच्याआमच्यासाठी यातून काय घ्यायचं? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मुलांना रोज तासभर खेळ. दीडशे मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वडाळीच्या तलावाकडे, छत्री तलावाकडे सकाळी जी मंडळी दिसतात त्यांचं मला कौतुक आहे. पण त्यातले काही जण साठी उलटल्यावर नवे बूट घेतात आणि पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावतात. मग पुढचे सहा महिने गुडघ्याला शेक. बाप्पा, मे महिन्यात वखरणी झाली नसेल तर जूनमध्ये नुसती तिफण घेऊन धावून काय उपयोग? पाऊस पाडणं शेतकऱ्याच्या हातात नाही. पाऊस आला त्या दिवशी रान तयार असणं हातात आहे. अंगाचंही तसंच आहे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. व्यायामाचा हा उपदेश सगळ्यांना सरसकट लागू नाही. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत जी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून बोंडं वेचते, कंबरेला ओटीचं ओझं बांधून तास धरते, घरी येऊन चूल पेटवते, तिला कोणी ‘ताई, रोज अर्धा तास चाला’ सांगितलं, तर तिने सांगणाऱ्याला बांधावरून हाकलावं. तिला गरज आहे ती पाठ सरळ करून पडायची, दोन घास जास्त खायची. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमात शरीर झिजतं ते दुसऱ्याच्या मोजमापाने. व्यायामात आपण आपल्या मापाने ते वापरतो. विजेत्याला हा फरक कळतो म्हणून तो विश्रांती मागून घेतो. तिला मागता येत नाही. खेळाचा, तंदुरुस्तीचा विचार करताना आपण या बाईला विसरलो तर ती फक्त पोट सुटलेल्या माणसांची चर्चा होते.

आता राहिलेलं निम्मं उत्तर.

पहाटे पाचला अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कुठल्याही मैदानावर जा. विद्यापीठाच्या रस्त्याला जा. अंधारात बुटांचा आवाज येतो. पोलीस भरतीची पोरं-पोरी. कोणी तिवस्याचं, कोणी दर्यापूरचं, कोणी मूर्तिजापूरचं. खोली करून राहिलेली, पोळी-भाजीचा डबा लावलेली. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मिळून पन्नास गुण. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं की वीसपैकी वीस. या पोरांना सेकंद आणि गुण यांचा तक्ता पाठ असतो. आणि जो भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न असतो : ‘सर, जाहिरात कधी निघन?’

या पोरांइतकी वाट पाहणारा खेळाडू मला दुसरा दिसत नाही. जितेशला निदान हंगामाची तारीख माहीत होती. यांना तारीखही माहीत नाही. जाहिरात निघेपर्यंत वेग टिकवायचा, वजन टिकवायचं, घरून येणाऱ्या फोनला उत्तर द्यायचं. एकदा पाय मुरगळला की भरती गेली. दोनदा भरती गेली की वयाची अट अंगावर येते. खुल्या गटाला अठ्ठावीस, मागास प्रवर्गाला तेहतीस. आणि साधा हिशेब आहे, यातले बहुतेक जण भरती होणार नाहीत. जागाच तेवढ्या नसतात.

त्यांना ‘हरलात तरी चालेल, खेळ महत्त्वाचा’ असं मी सांगणार नाही. ते ऐकायला गोड आहे आणि खोटं आहे. नोकरी न मिळणं आणि सामना हरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या बापाच्या डोक्यावरचं कर्ज खिलाडूवृत्तीने फिटत नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. वय निघून गेलेली ही पोरं दोन प्रकारची होतात. काही जण भरती हुकली त्या दिवसापासून धावणं सोडतात, आणि दोन-तीन वर्षांत ओळखू येत नाहीत. पोट सुटलेलं, पानठेल्यावर उभी, ‘आपल्या टाइमला’ म्हणून गोष्टी सांगत. दुसरे काही जण त्याच मैदानावर पुढच्या पोरांचं टायमिंग घेतात. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. फी कधी मिळते, कधी मिळत नाही. त्यांचं स्वतःचं सोळाशे अजूनही साडेपाच मिनिटांत येतं. कोणासाठी, असं विचारलं तर हसतात. गावात यात्रेत कबड्डीचा संघ उभा करायचा असला, शाळेत लेझीम बसवायचं असलं, तर बोलावणं यांनाच येतं. १९१४ साली वैद्य बंधूंना जो प्रसारक हवा होता, तो आज बहुधा असा दिसतो. त्याला आपण मानधनही देत नाही.

म्हणून मला आज इथल्या पदाधिकाऱ्यांना काही मागायचं आहे. सत्काराच्या शाली मागत नाही. मैदानाचं फाटक पहाटे साडेचारला उघडू द्या. पोरं कुंपणावरून उड्या मारून आत जातात आणि तिथेच पाय मोडून घेतात. दोन दिवे लावा, म्हणजे पोरींना अंधारात गटाने यावं लागणार नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ संडास आणि कपडे बदलायला एक खोली हवी, कुलूप नसलेली, म्हणजे ‘चावी साहेबांकडे आहे’ हे वाक्य ऐकावं लागणार नाही. पाण्याची टाकी मे महिन्यातही भरलेली असू द्या. आणि शिट्टी गळ्यात घालून उभा असणारा तो तरुण, त्याला शाळेत तासिका तत्त्वावर का होईना बोलवा आणि पी.टी.चा तास त्याच्याकडून काढून गणिताला देऊ नका.

माझं झालं. प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेत बूट घालून आलेली जी पोरं-पोरी बसली आहेत, त्यांना आधी विचारू द्या. त्यांना उद्या पहाटे चारला उठायचं आहे. फक्त जाहिरातीची तारीख मला विचारू नका.